घरी पोहोचवणारा गिअर : तेलाच्या दाबाची एकशेवीस वर्षं

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना काही तांत्रिक शब्द सुटतात, लिहून द्या, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं. म्हणून बोललो तसंच, थोडं नीटनेटकं करून इथे देतोय.

आजचा विषय गाडीतल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा. त्यातही फक्त एका गोष्टीचा, म्हणजे तेलाच्या दाबाचा. पण सुरुवात करणार आहे रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून, कारण मला स्वतःला ही गोष्ट तिथल्या जेटीवर कळली.

मामाची गाडी

माझा मामा आयुष्यभर मासेमारीच्या बोटीवर. काही वर्षांपूर्वी विंचच्या दोरात त्याचा डावा पाय अडकला. पाय वाचला, पण घोट्यात जोर राहिला नाही. क्लच दाबता येईना म्हणून त्याने एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. बाजारहाट, दवाखाना, लेकीचं सासर, सगळं त्या गाडीवर. कुणाला 'सोड रे जरा' म्हणायची वेळ येत नाही, हे त्याच्यासाठी फार मोठं होतं.

गेल्या पावसाळ्यात निवळीचा घाट उतरून हातखंब्याकडे येताना गाडीने एक जोरदार झटका दिला, डॅशबोर्डवर दिवा लागला आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. चढाला रडतखडत, सपाटीला घोंगावत, मामा कसाबसा घरी पोहोचला. एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. कोड आला P0748. निदान झालं, 'प्रेशर कंट्रोलचा प्रॉब्लेम आहे, अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागेल.' खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या आसपास. मामा म्हणाला, "विकून टाकू भंगारात. बसेन घरी."

मी सॉफ्टवेअरवाला. कोड म्हटला की माझे कान टवकारतात. पण गिअरबॉक्स म्हणजे माझ्यासाठी बंद पेटी. मामा मला जेटीवरच्या एका चाचांकडे घेऊन गेला. चाचा चाळीस वर्षं बोटींच्या इंजिनावर काम करतायत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "प्रेशर मोजलंस?"

बोटीच्या मिस्त्रीला गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काय कळणार, असं मला त्या क्षणी वाटलं होतं. नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की मुळात ही गोष्ट जहाजावरच सुरू झाली.

जहाजातून आलेला शोध

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांत वाफेचं टर्बाइन येऊ लागलं होतं. अडचण अशी, की टर्बाइनला भन्नाट वेगात फिरायला आवडतं आणि प्रोपेलरला सावकाश. दोघांच्या मध्ये वेग कमी करणारं काहीतरी हवं. एवढी ताकद पेलणारे मोठे दातेरी गिअर अचूक कापणं तेव्हा कठीण होतं.

जर्मनीतल्या स्टेटिन शहरात (आज ते पोलंडमध्ये आहे, नाव श्चेचिन) व्हल्कन नावाची जहाजबांधणी कंपनी होती. तिथे हेर्मान फ्यॉटिंगर नावाचा इंजिनिअर होता. त्याने दात्यांना दातेच भिडवले नाहीत. इंजिनाने एक पंखा फिरवायचा, तो द्रवाला फेकणार, तो द्रव समोरच्या दुसऱ्या पंख्याला फिरवणार, आणि मधली स्थिर पाती प्रवाहाची दिशा वळवून जोर वाढवणार. 1905 मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं. आज आपण ज्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतो तो हाच. पुढे जहाजांसाठी चांगले दातेरी गिअर तयार होऊ लागले आणि समुद्रावर फ्यॉटिंगरची युक्ती मागे पडली. पण ती जमिनीवर आली. 1930 च्या सुमारास इंग्लंडमध्ये डेमलरच्या गाड्यांत आणि बसमध्ये तिचं साधं रूप, म्हणजे फ्लुइड फ्लायव्हील, बसू लागलं.

तेलाचा कॉम्प्युटर

खरी उडी 1939 मध्ये पडली. जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्ड्समोबिल मॉडेलसाठी 'हायड्रामॅटिक' नावाचा चार गिअरचा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जाहीर केला. त्यामागे अर्ल थॉम्पसन हा इंजिनिअर होता. 1928 च्या कॅडिलॅकमध्ये आलेलं सिंक्रोमेश, म्हणजे गिअर कर्रकर्र न करता पडण्याची सोय, तीही त्याचीच. दुसऱ्या महायुद्धात हायड्रामॅटिक अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही बसला. 1948 मध्ये ब्यूकच्या 'डायनाफ्लो'मधून फ्यॉटिंगरचा टॉर्क कन्व्हर्टर अमेरिकन मोटारीत पोहोचला.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. या गिअरबॉक्समध्ये एकही चिप नव्हती, मग गिअर कधी बदलायचा हे ठरवत कोण होतं?

तेल! एका बाजूला गव्हर्नर. गाडीचा वेग वाढला की त्याची वजनं बाहेर फेकली जातात आणि तेलाचा एक दाब वाढतो. दुसऱ्या बाजूला थ्रॉटल व्हॉल्व्ह. ॲक्सिलरेटर जितका दाबाल तितका दुसरा दाब वाढतो. हे दोन दाब एकाच छोट्या सरकत्या दांडीच्या, म्हणजे स्पूलच्या, दोन टोकांवर येऊन भिडतात. वेगाचा दाब जिंकला की दांडी सरकते आणि वरचा गिअर पडतो. ॲक्सिलरेटरचा दाब आणि स्प्रिंग मिळून जिंकले तर खालचाच गिअर राहतो. आमच्या भाषेत सांगायचं तर ही सरळ 'जर-तर'ची ओळ आहे, फक्त कीबोर्डऐवजी लोखंड, ॲल्युमिनियम आणि तेलाने लिहिलेली.

गिअर पडतो म्हणजे काय होतं? आत क्लच प्लेटांची चवड असते. तेल एका पिस्टनला ढकलतं आणि पिस्टन प्लेटा एकमेकींवर आवळतो. पास्कलचा नियम शाळेत शिकलोय आपण : जोर म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. 50 चौरस सेंटिमीटरचा, साधारण तळहाताएवढा पिस्टन धरा. 10 बार दाबाला त्यावर सुमारे 500 किलोचा जोर येतो. दाब 5 बारवर आला तर जोर निम्मा. मग प्लेटा घसरतात, तापतात, जळतात, तेल काळं होतं आणि करपल्याचा वास येतो. उलट दाब गरजेपेक्षा जास्त असेल तर गिअर धाडकन पडतो, गाडी झटके देते, सील आणि शाफ्ट मार खातात.

म्हणजे सगळी कसरत दाब योग्य ठेवण्याची. हळू जाताना कमी, जोर लावताना जास्त. जुन्या कित्येक गाड्यांत हे काम व्हॅक्यूम मॉड्युलेटर करायचा. इंजिनाच्या ओढीवर हलणारा रबरी पडदा, बस. पडदा फाटला की गिअरबॉक्सचं तेल नळीवाटे इंजिनात ओढलं जायचं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघायचा. जाणता मेकॅनिक आधी ती नळी काढून तिच्यात तेल आहे का ते बघायचा. एका छोट्या डबीचा दोष. जो बघायचा नाही, तो अख्खा गिअरबॉक्स उतरवायचा.

जेटीवरचा गिअरबॉक्स

आता परत मिरकरवाड्यात येऊ.

आपल्याकडे मासेमारीच्या बोटींना इंजिन बसवण्याच्या कामाने जोर धरला तो स्वातंत्र्यानंतर. ऑक्टोबर 1952 मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि आजच्या केरळमध्ये, कोल्लमजवळच्या नींदकऱ्याला, इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. यांत्रिक बोटी हा त्याचा एक मोठा भाग होता. कोकण किनाऱ्यावरही शीड आणि वल्ह्यांच्या जागी हळूहळू डिझेल इंजिन आलं. इंजिन आलं की गिअरबॉक्स आला. कारण फ्यॉटिंगरला होती तीच अडचण इथेही आहे : इंजिन वेगात, पंखा सावकाश. शिवाय बोटीला ब्रेक नसतो. थांबायचं तर पंखा उलटा फिरवावा लागतो.

बोटीच्या हायड्रॉलिक गिअरबॉक्समध्ये असतं काय? तेलाचा पंप. दाब ठरवणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह. पुढे जायची एक क्लच चवड, मागे जायची दुसरी. तेल थंड करायला समुद्राच्या पाण्याचा कूलर. आणि दाब दाखवणारं गेज. म्हणजे मामाच्या गाडीतल्या गिअरबॉक्सचा हा साधा, दणकट भाऊच. प्रेशर उतरलं की क्लच घसरतो, इंजिन ओरडतं आणि बोट जागची हलत नाही.

चाचांकडे एक जाडजूड वही आहे. एकेका बोटीचं पान. तारीख, थंड तेलाला प्रेशर किती, तास-दोन तास चालून तेल तापल्यावर किती. 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी वर काढल्या, की चाचा वही उघडतात आणि ज्या बोटीचा गरम दाब गेल्या वर्षीपेक्षा खाली आलाय ती आधी खोलतात. थंड असताना तेल घट्ट असतं, झिजलेल्या फटीतूनही ते फार निसटत नाही. तापून पातळ झालं की निसटतं. म्हणून थंडात बरोबर आणि गरम झाल्यावर कमी, म्हणजे आत कुठेतरी गळती.

मी कामावर सर्व्हरचे आलेख बघतो, त्याला आम्ही मॉनिटरिंग म्हणतो. चाचांची वही म्हणजे तेच, फक्त तिला तेलाचे डाग आहेत.

आणि मग त्यांनी मला एका गिअरबॉक्सवरचे काही बोल्ट दाखवले. "ह्ये घरी जायचे बोल्ट." इंग्रजीतही त्याला 'कम होम' असंच म्हणतात. समुद्रात मधेच तेलाचा दाब गेला तर इंजिन बंद करून हे बोल्ट आवळायचे. ते पुढच्या गिअरच्या प्लेटा दाबाशिवाय, नुसत्या लोखंडाच्या जोराने, आवळून धरतात. मग इंजिन चालू केलं की बोट पुढेच जाणार. रिव्हर्स नाही, न्यूट्रल नाही, वेग कमीच ठेवायचा. पण बंदर गाठता येतं.

मी म्हटलं, "चाचा, मामाची गाडी पण अशीच आली. एकाच गिअरमध्ये."

"मग?" ते म्हणाले. "गाडी मेली न्हाय. घरी आणलान तिने त्याला."

स्प्रिंगची जागा कोडने घेतली

1980 च्या दशकात गिअरबॉक्सचा कारभार हळूहळू कॉम्प्युटरकडे गेला. गव्हर्नरच्या जागी वेगाचे सेन्सर आले, थ्रॉटलच्या तारेच्या जागी विजेचा सिग्नल. दाब ठरवायला आला प्रेशर कंट्रोल सोलेनॉइड : विजेच्या करंटवर हलणारा एक छोटा व्हॉल्व्ह. कॉम्प्युटर करंट कमी-जास्त करतो, तसा तेलाचा दाब बदलतो.

इथे डिझाइन करणाऱ्यांनी एक शहाणपण केलंय. अनेक गिअरबॉक्समध्ये करंट जास्त म्हणजे दाब कमी, आणि करंट शून्य म्हणजे दाब पूर्ण. उलटं वाटतं ना? पण विचार करा. तार तुटली, फ्यूज उडाला, कॉम्प्युटर गेला तर करंट शून्य होणार. त्या वेळी दाब शून्य झाला असता तर प्लेटा घसरून जळल्या असत्या आणि गाडी रस्त्यातच बसली असती. त्याऐवजी दाब पूर्ण होतो, एखादाच ठरलेला गिअर पडतो आणि गाडी झटके देत का होईना, घरी येते. याला लिम्प मोड म्हणतात, म्हणजे लंगडत घरी जाणं. हे बोटीच्या त्या बोल्टांसारखंच झालं.

म्हणजे वर्कशॉपने ज्या लक्षणाला 'गिअरबॉक्स गेला' म्हटलं, ते गिअरबॉक्स वाचवायला मुद्दाम घातलेलं वर्तन होतं.

कोडचंही तसंच. P0745 च्या आसपासचे कोड दाबाच्या सोलेनॉइडबद्दल बोलतात, पण त्यांत फरक आहे. P0746 म्हणजे सोलेनॉइड सांगितल्यासारखं वागत नाही : कचरा, झीज, अडकलेला व्हॉल्व्ह. P0748 म्हणजे विजेची बाजू : तार, प्लग, कॉइल. मामाच्या गाडीचा कोड दुसरा होता. आमच्या धंद्यात कुणी 'नेटवर्क एरर' वाचून अख्खा सर्व्हर बदलला तर आपण हसू. इथे तसंच होणार होतं.

मग आम्ही काय केलं

आधी तेल बघितलं. पातळी बरोबर, रंग थोडा जुना, करपल्याचा वास नाही. प्लेटा जळलेल्या नसाव्यात.

मग दाब. गिअरबॉक्सच्या बाहेर गेज लावायला एक छोटा बोल्ट असतो. त्याच्या आट्याचा जोड चाचांनी ओळखीच्या लेथवर करून घेतला आणि बोटीचंच गेज लावलं. चाकांना ओट लावली, हँडब्रेक ओढला. (घरी करणार असाल तर सांभाळून. ते तेल गरम आणि दाबाखाली असतं, आणि ब्रेक दाबून रेस करायची चाचणी पाच सेकंदांपेक्षा जास्त करायची नाही.) मॅन्युअलप्रमाणे आयडलला 6 बारच्या आत असायला हवं होतं. काटा गेला थेट 14 वर, आणि तिथेच राहिला.

चाचा हसले. "पंप बघ कसा जवान आहे!"

हे नीट समजून घ्या. 14 बार येतोय याचा अर्थ पंप, फिल्टर आणि मुख्य व्हॉल्व्ह दाब तयार करू शकतायत. तो अख्खा भाग संशयातून सुटला. पण तार तुटली असेल, कॉइल जळली असेल, की कॉम्प्युटरनेच सप्लाय काढून घेतला असेल, तिन्हींत काटा 14 च दाखवणार. म्हणून पुढची पायरी मल्टीमीटरची. गिअरबॉक्सच्या प्लगवर सोलेनॉइडचा रेझिस्टन्स आला साडेचार ओहम, म्हणजे कॉइल शाबूत. तीच तार कॉम्प्युटरच्या टोकाकडून मोजली तर काहीच नाही. म्हणजे तुटलंय ते मधे.

मधला जोड उघडला. एक पिन पूर्ण कळंकलेली, हिरवीगार. पितळेचं भांडं चिंच न लावता वर्षभर ठेवलं तर होतं तशी. मामाचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खारं वारं कुणालाच सोडत नाही.

पिन बदलली, जोड साफ करून ग्रीस भरलं, कोड पुसला. आयडलला काटा 5 वर. ॲक्सिलरेटर दिला की वर, सोडला की खाली. मामा काही बोलला नाही, फक्त गेजकडे बघत बसला.

सगळ्यांचं इतक्या स्वस्तात सुटेल असं नाही, हेही सांगतो. दाब सगळ्याच गिअरमध्ये कमी असेल तर पंप, फिल्टर किंवा मुख्य व्हॉल्व्ह बघायचा. एकाच गिअरमध्ये कमी असेल तर त्या क्लचचं सील. व्हॉल्व्ह बॉडीत स्पूल सरकून सरकून भोक झिजतं; मग ते रीम करून जाड व्हॉल्व्ह किंवा स्लीव्ह बसवावी लागते. ते काम अनुभवी हातांचंच. मात्र कुठलं काम लागणार हे मोजल्यावर ठरवायचं.

दुखणं लपवणारा कोड

हे आज जास्त महत्त्वाचं का, तर ऑटोमॅटिक आता चैनीची वस्तू राहिली नाही. फेब्रुवारी 2014 मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि स्वस्त गाडीत एएमटी आला. त्यात नेहमीचाच क्लच असतो, पण तो आपल्या पायाऐवजी तेलाचा दाब दाबतो. तिथे विजेचा पंप आणि दाब साठवणारा ॲक्युम्युलेटर असतो. पंप सारखा सारखा चालू होत असेल तर दाब कुठेतरी निसटतोय किंवा ॲक्युम्युलेटर थकलाय. कान देऊन ऐकलं तरी कळतं. आणि चूक फक्त छोट्या वर्कशॉपची होते असंही नाही. नोव्हेंबर 2013 मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्यांच्या 7 गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल घालायला घेतलं. कारण उष्ण, दमट हवेत त्या तेलामुळे विजेचा दोष उद्भवू शकत होता. उष्ण आणि दमट म्हणजे आपलं कोकणच की.

आणखी एक गोष्ट, माझ्याच जातभाईंबद्दल. नव्या गाड्यांचं सॉफ्टवेअर शिकतं. प्लेट थोडी झिजली, गिअर घसरायला लागला, की ते गुपचूप दाब वाढवून भरपाई करतं. म्हणून दुरुस्तीनंतर ते जुनं शिकलेलं पुसून नव्याने शिकवावं लागतं. गाडी मऊ चालते, चालवणाऱ्याला काही कळत नाही. दाब वाढवायची हद्द संपली की एक दिवस अचानक दिवा लागतो. तापाची गोळी घेऊन कामावर जाण्यासारखं आहे हे. स्प्रिंगचा जमाना निदान कुरकुरत होता.

म्हणून आता मी एक वही घातलीय. मामाच्या गाडीचं पहिलं पान : तारीख, थंड तेलाला आयडलचा दाब, गरम झाल्यावरचा दाब. या आधी तिची अशी एकही नोंद कुणाकडे नव्हती. चाचांनी पान बघितलं आणि म्हणाले, "पुढच्या जूनला परत मोज. दोन आकडे झाले की मग मला दाखव."

तर मंडळी, तुमच्याकडे ऑटोमॅटिक असेल आणि कुणी गिअरबॉक्स बदला म्हणालं, तर आधी दोन गोष्टी विचारा : कोड नेमका कुठला आहे, आणि प्रेशर मोजलंत का? उत्तर काय आलं ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!